बोटं उमटली नाहीत

प्रत्येक मूल बुद्धिमान असतं. फक्त प्रत्येकाची बुद्धी वेगळी असते. खांदा कॉलनीतल्या आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी हे वाक्य आठ पाकळ्यांच्या फुलाभोवती रंगवलं आहे; एकेक पाकळी एकेका बुद्धीची, गणिताची, संगीताची, निसर्गाची. कोणाची पाकळी कोणती, हे शिकवणाऱ्यांना कळत नाही असं ठरल्यामुळे एका कंपनीचा टाय लावलेला माणूस यंत्र घेऊन आला. मुलांनी बोटं काचेवर ठेवायची, ठशांवरून बुद्धी कळणार. आम्हा शिक्षकांकडे रांग सरळ ठेवायचं काम होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची बोटं काही केल्या उमटेनात. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. मुलगी शाळेआधी कोळंबी सोलते, त्यामुळे बोटांची सालं निघालेली. टायवाल्यानं ती पुसून घेतली, मग स्वतःचा रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "नेक्स्ट."

फळ्यावर गणित लिहून होण्याआधी उत्तर सांगणारी वर्गात ती एकटीच. शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी मी तिचं नाव दिलं होतं. मुख्याध्यापिकांनी ते काढलं.

"रिपोर्टशिवाय कसं घेणार?"

"मॅडम, तिचे पेपर बघा ना."

"अहो, मार्क बघणं आता जुनं झालं. तिला निसर्गाच्या गटात टाका. कोळ्यांची आहे, ओढ असणारच."

बाकीची मुलं जादा तासाला बसू लागली. ती कुंड्यांना पाणी घालू लागली.

आई आली ती मासळीची पाटी फाटकाबाहेर, त्या फुलाखाली ठेवून.

"बाई, पोरीचं काय चुकलं?"

"काही नाही. मशीनवर बोटं उमटली नाहीत."

"आता गणित काय बोटांनी करतात? बरं, आमी तिला सोलायला नाय बसवत. कातडी भरली का परत घ्या ठसे."

मी विचारून पाहिलं. कंपनी वर्षातून एकदाच येते, असं कळलं. बोटं त्याआधीच भरून आली. परीक्षाही त्याआधीच होऊन गेली. जूनमध्ये आईनं दाखला काढून नेला.

कंपनी पुन्हा आलीच नाही. तसलंच एक यंत्र मात्र शाळेनं ऑफिसच्या दाराशी बसवलं आहे. त्यावर शिक्षकांची हजेरी लागते. खडू धरून धरून माझा अंगठा त्यात उमटत नाही. मला सही करायची मुभा आहे.