नोटिशीतली चौथी सूचना

यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. मी ग्रामसेविका. बोईसरहून किनाऱ्यावरच्या गावी जाताना रिक्षातच यादी तपासते. गावठाणाची ड्रोनने मोजणी ठरली, तेव्हा नोटीसही यादीसारखीच लिहिली: हद्दीवर चुन्याची रेषा मारा, कागद तयार ठेवा, घरी थांबा. चौथी सूचना माझ्या पदरची होती. परिसर मोकळा व स्वच्छ ठेवा. वरून आलेल्या नमुन्यात ती नव्हती.

कोळणींनी नेमकी तीच मनावर घेतली. समुद्राकडच्या खळ्यात बोंबील सुकवायचे बांबू आणि दोऱ्या पावसाळा सोडला तर कायम उभे असतात. मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं उपटून घरामागे रचलं, शिवाय खळ्यातली वाळूही झाडून घेतली. मी शाबासकी दिली.

काही महिन्यांनी नकाशा संगणकावर आला. घरं बरोबर होती. खळं मात्र 'रिकामी सरकारी जागा'. हरकत नोंदवायला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन खळ्यात गेले. बांबूंवर बोंबील लटकत होते. मी फोटो काढू लागले तशी एक म्हातारी मावशी कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"बाय, तुमीच बोललात काढा. आता तुमीच फोटू काढता. नवं लुगडं नेसून येऊ काय?"

बाकीच्या हसल्या. मी नकाशात काय आलंय ते सांगितलं, तेव्हा कोणी हसेना.

"माझ्या सासूपासून सुकवतो आमी इथं," मावशी म्हणाली. "आता काय डोक्यावर सुकवू?"

पंचायतीतल्या ऑपरेटरने हरकतीच्या अर्जात फोटो चढवले. मी पालघरला सर्व्हेअरना फोन लावला. माणूस सरळ होता.

"मॅडम, हे फोटो आजचे. मोजणीच्या दिवशी जागा रिकामी का होती, ते कागदावर दाखवा. मग मी पुढे मांडतो."

कागद होता. कपाटात, तिसऱ्या फायलीत, माझ्या सहीची ती नोटीस. ऑपरेटरने ती वाचली आणि हळूच म्हणाला, "ही जोडली तर वरून तुम्हालाच विचारतील."

मी चहा प्यायला म्हणून बाहेर गेले. चहा तसाच ठेवून परत आले.

"जोड. आणि स्कॅन तिरका आलाय, पुन्हा कर."

संध्याकाळी खळ्यात जाऊन सांगितलं, हरकत गेली. मावशी दोरी आवळत होती.

"आता मोकळं करा बोललात तरी नाय करणार."

"नका करू," मी म्हटलं.

तेव्हापासून यादीत पहिली ओळ एकच असते: हरकतीची स्थिती पाहणे. दुसरी, माझ्या खुलाशाचा मसुदा. तो लिहून तयार आहे, अजून कोणी मागितलेला नाही. स्थिती आज सकाळीही 'प्रलंबित' होती.