भिंतीला खिळा नको, झाडाला मांजर नको

माझ्या ताईच्या घरात घड्याळ खुर्चीत बसतं. आरसा जमिनीवर उभा असतो, त्यामुळे पाहुण्यांना त्यात स्वतःचे गुडघे दिसतात. आमच्या गेलेल्या बाबांचा फोटो फ्रिजवर, पिठाच्या डब्याला टेकलेला. ताईनं पीठ काढायला डबा उचलला की बाबा उताणे पडतात. कारण एकच. भाऊजी. त्यांच्या भिंतीला खिळा मारायचा नाही.

भाऊजी रंगकाम करतात. 'रंगारी' म्हटलेलं खपत नाही, 'फिनिशिंगवाले' म्हणायचं. सुरुवात दुसऱ्यांच्या भिंती खरवडण्यापासून केली, आणि तेवढ्या एका गोष्टीबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पुढे हात बसला, नाव झालं, आणि मान जी वर गेली ती खाली आलीच नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावतात, मग माणसांकडे बघतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईनं कौतुकानं विचारलं, "काय, आवडलं ना आमचं घर?" तर म्हणाले, "रंगाखालची पुट्टी नीट घासलेली नाही." ताईनं तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ती लाजण्यात गुंतली होती.

त्यांच्या स्वतःच्या बैठकीतली मोठी भिंत तर विचारू नका. ती घासली, रंगवली, पुन्हा घासली, पुन्हा रंगवली. ताई माहेरपण करून परत गेली तरी भाऊजी तोंडाला फडकं बांधून घासतच होते. त्या भिंतीला टेकून बसायचं नाही, हात लावायचा नाही, तिच्याकडे तोंड करून खोकायचंही नाही.

नाताळला भाचीनं झाडाचा हट्ट धरला आणि भाऊजी चक्क हो म्हणाले. मला वाटलं, लेकीच्या प्रेमापोटी.

"रंगाची खरी परीक्षा कशात होते, मेहुणीबाई?"

"टिकण्यात?"

"छे! बारीक दिव्यांत. झाडावरचे दिवे भिंतीवर पडले की कळतं, भिंत आहे की काच. दातांच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत बघायला. त्यांचा अख्खा दवाखाना करायचाय."

म्हणजे झाड भिंतीसाठी. लेक आपली निमित्ताला.

बंद पडलेल्या एका दुकानातून त्यांनी प्लास्टिकचं उंच झाड आणलं. उंच खरं, पण उभं तीन काड्यांवर. शेजारी कुणी शिंकलं तरी डोलायचं. आणि घरात होती पुट्टी. पांढरीशुभ्र मांजर, नाव भाचीनं ठेवलेलं. तिनं दीड महिन्यापूर्वी भाऊजींच्या जुन्या चादरींच्या टोपलीत तीन पिल्लं घातली होती. ताईचा त्या टोपलीवर जीव. त्या घरात तिला हवं तिथे ठेवता आलेली तेवढी एकच वस्तू होती.

"अहो," ताई म्हणाली, "शेंडा दोरीनं भिंतीला बांधून टाका. एक खिळा फक्त. तोही झाडामागे, दिसणारसुद्धा नाही."

ताईनं त्यांच्या पाठीत खिळा ठोकायची परवानगी मागावी तसा भाऊजींनी चेहरा केला.

"मला दिसेल ना!"

"झाडामागचा?"

"मला माहीत असेल, तो तिथे आहे."

"मग पिल्लं चढतील आणि पाडतील झाड."

"पाडू देत, बघतोच मी!" भाऊजी खोलीच्या मधोमध उभे राहिले. "सगळ्यांनी ऐकून ठेवा. ज्याच्यामुळे हे झाड पडेल, तो या घरात राहणार नाही. त्याच दिवशी बाहेर. लहान-मोठं बघणार नाही."

भाची रडकुंडीला आली. "बाबा, पिल्लंसुद्धा?"

"पिल्लंसुद्धा, त्यांची आईसुद्धा. माझा शब्द म्हणजे शब्द."

ताईनं टोपली ओढत स्वयंपाकघरात नेली आणि दार लोटलं. दाराला कडी नव्हती. दारही भाऊजींनीच रंगवलेलं.

मग सुरू झाला बंदोबस्त. आधी झाडाभोवती संत्र्याच्या साली पसरल्या, कारण मांजरांना म्हणे तो वास सहन होत नाही. पिल्लांनी त्या सालींचा चेंडू करून घरभर खेळ मांडला. मग भाऊजींनी मास्किंग टेप काढली, रंग लावताना कडेला चिकटवतात ती, आणि चिकट बाजू वर करून झाडाभोवती रिंगण घातलं. पुट्टीनं पंजा टेकवला, उचलला, आणि टेपवरून उडी मारून गेली. चिकटले भाऊजी. दर वेळी तिकडून आले की एक मोजा तिथेच राहायचा.

मग शिडी आडवी घालून तिच्यावर प्लास्टिकचा कागद ताणला.

"भाऊजी, आता झाड बघायचं कुठून?"

"बाजूनं बघा."

"बाजूनं शिडी दिसते."

"शिडी स्वच्छ आहे."

त्यानंतर त्यांना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की ताई चहाचं आधण ठेवते. आपल्याला ताकद लागणार हे तिला कळतं.

"खालचे सगळे गोळे वर लावा. खाली काही लोंबलंच नाही, तर पिल्लू चढेल कशाला?"

"अहो, वरून जड होईल ते."

"तोल कसा सांभाळायचा, हे तू मला शिकवणार? आयुष्य शिडीवर गेलंय माझं!"

गोळे, घंटा, चांदणी, सगळं वर गेलं. पायात चप्पल नाही आणि डोक्यावर मुकुट, असं ते झाड दिसू लागलं.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. खुर्चीकडे वळल्या आणि थबकल्या.

"तिथे घड्याळ बसलंय," ताई म्हणाली. "तुम्ही इकडे बसा."

भाऊजींनी प्लास्टिक काढलं, शिडी उचलून ठेवली, दिवे लावले, आणि पडदा उघडणाऱ्या माणसाच्या थाटात भिंतीकडे हात केला. "बघा! डोळे दिपले ना?"

डॉक्टरीणबाई बघत होत्या खाली. सगळ्यात लहान पिल्लू झाडाखाली येऊन बसलं होतं. काही करत नव्हतं. नुसतं वर बघत होतं, लोकांनी आपल्या भिंतीकडे जसं बघावं अशी भाऊजींची अपेक्षा असते, अगदी तसं.

"शुक! शुक शुक!" भाऊजींनी रोलरचा लांब दांडा उचलला आणि धावले. डावा मोजा टेपवर चिकटला, उजवा पाय पुढे गेला, दांडा हातातून सुटला. भिंत हातभर अंतरावर होती. तळहात टेकला असता तर सावरले असते. जगातल्या प्रत्येक भिंतीला तळहात लावणारा माणूस तो! पण स्वतःच्या भिंतीला हात लागू नये म्हणून त्यांनी झाड धरलं.

झाड पडलं. शेंड्यावरच्या चांदणीनं जाताजाता भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक लांबलचक चरा ओढला. पिल्लू तोवर डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर.

मग भाचीनं अगदी काळजीनं विचारलं, "बाबा, मग आता तुम्ही कुठे राहणार?"

डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"ते पिल्लामुळे झालं!" भाऊजी जमिनीवरूनच म्हणाले.

"पिल्लू बसलं होतं," ताई म्हणाली. "झाड तुम्ही ओढलंत. शब्द कुणाचा होता?"

"अगं, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोरच विचारतेय. लहान-मोठं बघणार नव्हतात ना?"

ती आत गेली. टोपलीतली मांजराच्या केसांनी भरलेली चादर आणि भाऊजींची उशी आणून तिनं दाराबाहेर, जिन्यात ठेवली. गिऱ्हाइकापुढे शब्द फिरवणार तरी कसा? भाऊजी एका मोज्यानिशी बाहेर गेले. डॉक्टरीणबाई निघताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबल्या. "भिंत छान आहे हो. पण माझ्या दवाखान्यात घड्याळ भिंतीवर लागतं."

जिन्यातल्या भिंतीला पोपडे आलेले. तिच्या कुशीत बसणं म्हणजे भाऊजींना जन्मठेपच. थोड्याच वेळात दाराच्या फटीतून आवाज आला.

"अगं, चरा भरून काढायला हवा. ओला असतानाच..."

"चरा ओला नसतो. झाड उभं राहिल्याशिवाय आत यायचं नाही. आणि ते बांधल्याशिवाय उभं राहायचं नाही."

बाहेर पोपड्याचा एक तुकडा गळून पडल्याचा आवाज आला.

"झाडामागेच ना? दिसणार नाही ना?"

"नाही दिसणार."

"हातोडी कुठे आहे?"

"फ्रिजवर, बाबांच्या फोटोमागे," ताई म्हणाली. पुट्टी तिच्या पायाशी अंग घासत होती. "आणि येताना बाबांनाही घेऊन या."