हार घालण्याजोगा फोटो

सत्तरी ओलांडल्यावर आईने एका गोष्टीचा धोशा लावला. तिला हार घालण्याजोगा एक फोटो हवा होता. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. माणूस गेल्यावर नातेवाईक घाईघाईत कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतला फोटो कापून मोठा करतात, आणि मग तो माणूस कायमचा जिलबी खात भिंतीवर राहतो, हे तिने दोन-तीन घरांत पाहिलं होतं. मुलींच्या शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती. ऐनवेळेवर काही सोडायचं नाही, हा तिचा स्वभावच.

वडिलांच्या वेळी आमची अशीच धांदल झाली होती. त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. पाटबंधारे खात्यातल्या एका निरोपसमारंभाच्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाचा तरी खांदा येत होता, म्हणून स्टुडिओवाल्याने त्यावर काळा कोट रंगवून दिला. जन्मात कधी कोट न घातलेले वडील तेव्हापासून वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोट घालून किंचित उजवीकडे बघत असतात. मूळ फोटोत त्या बाजूला साहेब होते.

"मला त्या बाजूला लावा आणि माझं तोंड ह्यांच्याकडे असू द्या," आई म्हणाली. "साहेबांच्या जागी निदान मी तरी दिसेन."

काम माझ्या मावसभावाकडे गेलं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. कंपनीने त्याला वर्षभर अमेरिकेत पाठवलं, तिथून तो एक महागडा कॅमेरा आणि प्रकाशाविषयीची बरीच मतं घेऊन परतला. रंग त्याला आता उथळ वाटत. त्याने आईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं आणि चष्मा काढायला लावला.

"मावशी, हसू नकोस. कशाचाच विचार करू नकोस."

"गॅसवर दूध आहे रे."

"बस, असंच बघत राहा!"

फोटो काही घरी आला नाही. काही महिन्यांनी निमंत्रण आलं, त्याच्या प्रदर्शनाचं. आई ठेवणीतली साडी नेसून, मला सोबत घेऊन, स्वतःचा फोटो बघायला निघाली.

कलादालन थंडगार होतं आणि लोक देवळात बोलावं तसं बोलत होते. नव्या पैशाने शहरात मोठमोठ्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर लावायचं काय, हा प्रश्न बऱ्याच जणांना नुकताच पडू लागला होता. आई तिथे भिंतभर होती. अर्धा चेहरा अंधारात, उरलेल्या अर्ध्यावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी. खाली शीर्षक होतं, 'विस्मरण', आणि किंमत अशी, की आईची बऱ्याच महिन्यांची पेन्शन तीत गेली असती.

खादीचा कुर्ता घातलेले एक गृहस्थ एका कंपनीच्या मॅडमना समजावून देत होते. "डोळ्यांत बघा. ओळखीचं काही उरलेलंच नाही. नाव, गाव, माणसं, सगळं पुसलं गेलंय."

"दूध आठवलं होतं," आई मागून म्हणाली.

दोघं वळले. चष्मा लावून पर्स घट्ट धरलेल्या या बाई कोण, हे त्यांच्या लक्षात येईना.

"ती मीच आहे. आणि विस्मरणबिस्मरण काही झालेलं नाही मला. हा फोटो काढणारा सातवीत माझ्याकडे शिकवणीला होता. त्रैराशिकात किती मार्क पडले होते, सांगू?"

मावसभाऊ धावत आला. "मावशी, हळू बोल ना. मॅडम हा फोटो घेतायत. त्यांच्या ऑफिसच्या रिसेप्शनला."

"घेऊ देत की. पण रोज हार कोण घालणार?"

मॅडम हसल्या, मग त्यांनी फोटोकडे बघितलं, मग आईकडे, पुन्हा फोटोकडे. फोटोत काही बदललं नव्हतं. कागद तोच, अंधारही तोच. पण जिला काहीच आठवत नाही ती बाई शेजारी उभी राहून त्रैराशिकाबद्दल बोलू लागल्यावर त्याची किंमत मॅडमच्या चेहऱ्यावर उतरताना दिसत होती. कुर्तेवाल्यांनी सावरायचा प्रयत्न केला. "कलाकृती वेगळी आणि व्यक्ती वेगळी."

"तेच तर," आई म्हणाली. "म्हणून मला माझा वेगळा हवाय." मग भाच्याकडे वळून, "हा राहू दे इथेच. एक कान नाही, आणि तोंडही पलीकडे. जन्मभर ह्यांच्याशी अबोला धरला होता असं वाटेल."

परतताना आम्ही रिक्षा केली. कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा आई म्हणाली, "मी खरंच अशी दिसते का रे?"

मी सावल्यांबद्दल काहीतरी सांगू लागलो.

"सावल्यांचं विचारलं नाही मी."

"दूध गॅसवर असलं की दिसतेस," मी म्हटलं. त्यावर ती हसली, पण जरा उशिराने.

मॅडमनी शेवटी एका होडीचा फोटो घेतला. होडीत कोणी नव्हतं, त्यामुळे हरकत घेणारंही कोणी नव्हतं. पुढच्या रविवारी मावसभाऊ आपणहून कॅमेरा घेऊन आला. आईने गॅलरीत भर उजेडात खुर्ची मांडली आणि सूत्रं हातात घेतली. चष्मा राहील. दोन्ही कान आले पाहिजेत. तोंड डावीकडे, पण बेताने, मान आखडल्यासारखी नको. त्याने निमूटपणे बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला.

"मावशी, यात काहीच नाहीये गं."

"मी आहे ना."

तो आणखी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. आठवड्याने मोठा करून आणला, तेव्हा आईने तो वडिलांच्या शेजारी धरायला लावला, लांब जाऊन पाहिला आणि फ्रेमला टाकायला परवानगी दिली. भाचा घुटमळत होता. मग त्याने खिशातून पेन काढलं.

"खाली कोपऱ्यात सही करू का? अगदी बारीक."

"नको रे बाबा," आई म्हणाली. "हार घातलेल्या फोटोखाली नाव असतं ते गेलेल्याचं. लोक तुझ्या बायकोला भेटायला जायचे."