ओवाळलेलं तांबडं पाणी

अंबूबाई आमची शेजारीण, मूळची तंजावरची. लग्न होऊन ती मद्रासला अड्यारच्या आमच्या गल्लीत आली, तेव्हा पायऱ्या चढून घरात जावं लागे. पुढं वॉर्ड ऑफिसनं जुना रस्ता न उकरता त्यावरच डांबर चढवत नेलं आणि घर रस्त्याच्या खाली गेलं. गटार मात्र कुणी खणलं नाही. इकडचा मोठा पाऊस कार्तिकात, त्यात तिचे देव फळीवर आणि चूल पाण्यात! अर्ज केला की इंजिनियर सांगायचा, "घर उंच करा, अम्मा."

बासष्ट साली पुन्हा थर चढला आणि उद्घाटनाला नगरसेवक आले. इकडच्या रीतीप्रमाणे हळदचुन्याच्या तांबड्या पाण्यानं पाहुण्याची दृष्ट काढतात. गल्लीतली वडील सवाशीण म्हणून अंबूबाईलाच पुढं केलं. तिनं ओवाळलं आणि ताटातलं पाणी रस्त्यावर ओतलं. सगळ्यांदेखत तो ओघळ तिच्या उंबऱ्यावरून आत गेला.

"पाहिलंत, सार? तुमची दृष्टसुद्धा माझ्याच घरात शिरली!"

नगरसेवक हसले. "पाणी उताराकडंच जाणार, अम्मा."

"हा उतार देवानं नाही केला, तुम्ही केलात." तिनं पोतेरं आणून त्यांच्या हातात दिलं. "पुसा."

फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, तसे ते पोतेरं टाकून मोटारीत बसले.

मी पुसायला वाकले, तर अंबूबाई माझ्यावरच कडाडली.

"राहू दे तो डाग! मतं मागायला येतील तेव्हा माझं घर चुकायला नको त्यांना."