आटलेल्या तळ्यातली पायवाट

आक्का, मी गाव सोडलं तेव्हा एसटी पलीकडच्या काठावरून, तुझ्या सासरच्या गावाहून सुटायची. एरवी तळ्याला वळसा घालून बैलगाडीनं निम्मा दिवस जायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात तळं पार आटलं, म्हणून आई मला सरळ तळ्यातूनच घेऊन निघाली. मध्यावर तू आली होतीस. आईनं माझी ट्रंक तुझ्या डोक्यावर दिली आणि मला म्हणाली, "नीट शीक. हितली काळजी करू नगंस." लगेच तुझ्याकडे वळून, "सांच्याला येते गं, तुज्या डोक्याला तेल लावायला." मी नगरला नर्सिंग शिकायला चालले होते आणि हिचा जीव तुझ्या डोक्याच्या तेलात. मला रागच आला.

पण तिचं तरी काय चुकलं? तुला समोरच्या काठावर दिलेलं. तुझी चूल पेटली की आमच्या अंगणातून धूर दिसायचा, भेट मात्र पंचमीला नाहीतर दिवाळीला. तुझ्या सासूबाई कडक. पाणी आटलं आणि भेगाळलेल्या गाळातून पायवाट पडली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आई तुझ्याकडे चक्कर मारायचीच. सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेलं आणि आमच्या घरात एक बाई खुशीत होती. बोलायचीही चोरी.

नगरला माझं बरं चाललं होतं. ड्युटी, वॉर्ड, इंजेक्शन शिकत होते. नळाचं पाणी तांब्यातांब्यानं वापरायची म्हणून मुली चिडवायच्या. पुढच्या पावसाळ्यात आईचं पत्र आलं, शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं. तळं भरलं, गुरं वाचली, पेरण्या झाल्या, सगळं शुद्ध भाषेत. शेवट मात्र मास्तरांनी तिच्याच तोंडचा ठेवला होता: "पानी आलं, लई बरं झालं. पर आक्काला सातवा म्हयना हाय, सासू हिकडं धाडंना. पावसानं दोन म्हयनं दम धरला आस्ता तर बरं हुतं."

मी ढसाढसा रडले. मैत्रिणींना वाटलं, पावसाच्या आनंदानं.

तुझ्या बाळंतपणाला आई वळसा घालून आली, तोवर पोर जन्मून एक दिवस झाला होता. हे तिनं मनाला फार लावून घेतलं.

आता नगरलाच सावेडीत माझा फ्लॅट आहे, आणि आई नाही. गावचं घरही भावकीकडे गेलं. सून विचारते, तुमचं माहेर आता कुठलं? मी तुझं नाव सांगते. जिच्यासाठी माझ्या तहानलेल्या आईनं आणखी दोन महिने दुष्काळ मागितला, ती जिथं आहे तिथंच माझं माहेर.