साठ पेंग्विनांत आपला एक

"ए सोन्या! कुठेयस गं? ओ दे!"

ओरडत होतो मी. बेंगळुरात, जयनगरच्या एका शाळेच्या मैदानावर, भर दुपारी, आणि अशा आवाजात की तिकडे यशवंतपूरच्या यार्डात एखादी मालगाडी शिट्टी समजून निघाली असेल. समोर साठ पेंग्विन उभे होते. काळे झगे, पांढरी पोटं, पुठ्ठ्याच्या चोची, तोंडावर मुखवटे. त्यातला एक माझा होता.

स्नेहसंमेलनात नाच झाल्यावर हा खेळ असतो. पालकानं आपलं पिल्लू ओळखायचं, हाताला धरून आणायचं, मगच मुखवटा काढायचा. गेली दोन वर्षं लेकीला तिच्या आईनं ओळखलं आणि मी इलेक्ट्रॉनिक सिटीत मीटिंगमध्ये बसून त्याचे फोटो पाहिले. यंदा तिनं आठवडाभर आधीच बजावलं, "आई नको. तू ये. आणि तूच ओळख." वय वर्षं सात, पण बघत होती अशी की आमचा मॅनेजर अप्रेझललाही तसा बघत नाही.

मग मी तयारीला लागलो. पेंग्विनांचे इतके व्हिडिओ पाहिले की हॉलमध्ये बर्फ साचायचा तेवढा बाकी राहिला. एम्परर पेंग्विनाला घरटंच नसतं, म्हणजे पत्ता नाही. बाप समुद्रावरून परततो तेव्हा समोर हजारो पिल्लं, सगळी एकसारखी राखाडी. तो हाक मारतो, पिल्लू शीळ घालून ओ देतं, आणि तेवढ्यावर ओळख पटते. पठ्ठ्या एकाच वेळी दोन सूर काढतो म्हणे! परकं पिल्लू आलं तर मासा नाहीच, वर चोचीचा फटका.

मला सूर एकच येतो, पण तो मराठी. बेंगळुरात मराठीत हाक मारणारा बाप माझ्याशिवाय असणार कोण? बेत पक्का होता.

सोबत सासरे होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही.

"जावईबापू, स्वल्प हळू," ते म्हणाले.

"अण्णा, शास्त्र आहे हे!"

"आमचे पूर्वज घोड्यावर बसून इथे आले, तेव्हापासून इथे मराठी चालू आहे. तुम्ही परवा एसी स्लीपरनं आलात, आणि त्याच बसमध्ये मागे अर्धं पुणं झोपलेलं होतं. सरी, ठीक आहे, ओरडा."

मी छाती भरून पुन्हा हाक दिली. आणि अंटार्क्टिका हलला. एक नाही, दोन नाही, अकरा पेंग्विन डुलत डुलत माझ्या अंगावर आले. अकराच्या अकरा सोन्या! पुण्याचे, ठाण्याचे; एक तर नक्कीच नागपूरचा, कारण तो धावतानाच "काय झालं बे?" विचारत होता. पाठोपाठ त्यांचे बाप आले, सगळे आयटीतले, सगळ्यांच्या तोंडी तीच हाक. बाई माइकवरून "पेरेंट्स, प्लीज!" म्हणत राहिल्या, पण त्यांना कोण विचारतो.

त्यातला जो पेंग्विन माझ्या पायाला बिलगला तो मी उचलला, उराशी धरला, आणि खिशातलं कोडबळं, म्हणजे इथलं कडबोळं, त्याच्या चोचीखालून भरवलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. पेंग्विनानं कोडबळं सावकाश संपवलं आणि मुखवटा वर केला. आत कुणा दुसऱ्याचीच मुलगी.

"काका, अजून आहे?"

तोवर मैदान रिकामं होत आलं होतं. ज्याचं त्यानं आपापलं नेलं. दोरीजवळ एकच पेंग्विन उरला होता, जागचा न हललेला. मी त्याच्यापुढे जाऊन "ओळखलं!" असं जोरात म्हणालो. अण्णा म्हणाले, "ह्याला वजाबाकी म्हणतात."

घरी जाताना रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मुखवटा तिनं काढलाच नाही. मी तिला एम्पररचं सगळं शास्त्र ऐकवलं, आणि कधी कधी चूक पिल्लाचीही असते, असंही सुचवून पाहिलं.

"घसा फुटेपर्यंत हाका मारल्या गं मी. तू ओ का नाही दिलीस?"

ती बाहेर बघत म्हणाली, "दिली होती. दोनदा. तू ओरडत होतास."