सुई उतरते तेव्हा

आमच्या लॅबचे किस्से निघाले की चहा गार होतो, आणि ऐकणारे उगाच मागे वळून बघतात! यवतमाळच्या कॉलेजात आमच्याकडे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप होता. तो बघत नाही, चाचपतो. डोळ्याला न दिसणारं सुईचं टोक वस्तूवर टेकवायचं, उचलायचं, आणि किती चिकटलं ते स्क्रीनवर वाचायचं. बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारण्या वाढल्या, त्या वर्षांतली गोष्ट. औषध पानाला कसं धरून राहतं, ते आम्ही तपासत होतो.

*

पहिल्याच दिवशी सुई तपासायला ठेवलेल्या काचेजवळ गेली आणि एकदम खाली खेचली गेली. मागे अटेंडंट गजाननभाऊ उभे.

"सर, तुमी दाबलं का?"

"नाही. जवळ गेलं की काचच ओढून घेते."

"बिनहातानं?"

त्यानंतर भाऊंनी त्या टेबलावर आपला डबा कधी ठेवला नाही!

*

एकदा स्क्रीनवर ठोके उमटायला लागले. एका लयीत. पंखा बंद, दार बंद. आमच्या लॅबप्रमुख शबाना मॅडम टेबलाला कोपर टेकून बघत होत्या. त्या घाबरल्या, तसे ठोके वाढले! दचकून त्यांनी कोपर उचललं. रेघ सपाट.

"या अल्ला, माझंच काळीज होतं!"

हसलो आम्ही. पण ती सपाट रेघ मॅडमना बघवेना.

*

केळापूरकडून आलेलं कपाशीचं पान नळाखाली चोळून धुतलं. सुईला तरी त्यावर चिकट गुठळ्या लागल्याच; न फवारलेल्या पानावर त्या नव्हत्या.

भाऊ म्हणाले, "मंग घरी आमी मेथी धुतो, ते काय करून राह्यलो?"

त्या दिवशी भाजीचे डबे तसेच परत गेले.

*

आणि फुलसावंगीच्या त्या बाई. नवरा लोकांच्या शेतात फवारणी करायचा, त्यातच गेला. त्याचा शर्ट घेऊन आल्या.

"कापूस वेचताना साडीवरून त्याईचाच शर्ट घालतो मी. लय डाव धुतला. घालू का नको, तेवढं पाहून सांगा."

मॅडमनी आधी नव्या कापडाचा धागा लावला. सुई टेकली, सहज सुटली. मग शर्टाच्या कॉलरचा धागा. सुई सुटेना. ताणली, ताणली, कशीबशी निघाली. जागा बदलली. तेच.

"काहीतरी राहिलंय यात," मॅडम हळूच म्हणाल्या. "औषधच आहे, असं सुई सांगू शकत नाही. पण ताई, घालू नका. इथंच ठेवून जा."

बाई स्क्रीनकडे बघत होत्या.

"अजून धरूनच आहेत म्हंता ते?"

"हो."

त्यांनी शर्ट उचलला, साडीवरून अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"ताई, अहो!"

"बरं झालं सांगतलं मले," त्या म्हणाल्या, आणि बसस्टँडकडे निघाल्या.